गंधकाला कोण धरून ठेवते?

साखर कारखान्यात उसाचा रस निवळण्यासाठी गंधक जाळतात. जाळण्याआधी तो वाफेच्या उष्णतेवर वितळवून घ्यायचा असतो, आणि वितळलेला गंधक हाताळताना एक पथ्य पाळावे लागते. तापमान साधारण १२० ते १५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात राहिले पाहिजे. त्याखाली घसरले तर गंधक नळीतच गोठून बसतो, हे कोणालाही समजेल. नवल आहे ते वरच्या मर्यादेचे. तेल, तूप, काकवी, डांबर, काहीही तापवा, ते पातळच होत जाते. गंधकही १५० अंशांपर्यंत तसाच वागतो. पिवळा, झुळझुळीत द्रव. पण १५९ अंश ओलांडले की त्याचा रंग तांबूस होऊ लागतो आणि तो घट्ट व्हायला लागतो. १८७ अंशांच्या आसपास तो आधीपेक्षा दहा हजार पटींहून अधिक दाट झालेला असतो. भांडे कलते केले तरी वाहायला तयार नसतो.

नळ्या-पंपांचे काम पाहणाऱ्याला ही डोकेदुखी वाटेल. मला मात्र हा रसायनशास्त्रातला एक फार सुंदर क्षण वाटतो, कारण त्या भांड्यात त्या वेळी, कोणीही काही न मिसळता, प्लास्टिक तयार होत असते.

सातारा-सांगलीच्या माणसाला गंधक नवा नाही. रेठऱ्यापासून साखराळ्यापर्यंत गळीत हंगामात टनभर उसामागे साधारण अर्धा किलो गंधक जळतो. त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड चुन्याबरोबर रसात सोडला की गाळ खाली बसतो आणि साखर पांढरी उतरते. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांत भुरी दिसली की ८० टक्क्यांचा पाण्यात मिसळणारा गंधक ब्लोअरने मारतात, आणि ऊन तापले की तोच गंधक पान करपवतो म्हणून दुपार टाळतात. बेदाण्याचा रंग सोनेरी राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात. चोपण जमीन सुधारायलाही तो मातीत घालतात. या प्रत्येक कामात गंधक खर्ची पडतो. जळून जातो, उडून जातो, मातीत मुरतो. गंधकाची एखादी वस्तू बनवावी, भिंग किंवा रबर किंवा फरशी, असे आपल्याकडे कधी कोणाच्या मनात आले नाही. जगातही फारसे कोणाच्या आले नव्हते.

आणि गंधक तर भरपूर आहे. तो आता खाणीतून फारसा येत नाही, तेलशुद्धीकरणातून येतो. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ इंधन आले. त्यात पेट्रोल-डिझेलच्या एका किलोत १० मिलिग्रॅमहून जास्त गंधक चालत नाही. आधी ही मर्यादा ५० होती. हवा स्वच्छ ठेवण्यासाठी इंधनातून जो गंधक काढला, तो कुठेतरी साठणारच. मुंबईत माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांतही तो निघतो. जगभरात दर वर्षी सुमारे ८ कोटी टन गंधक तयार होतो. त्यातला बहुतेक सल्फ्युरिक आम्लात आणि तिथून खतांत जातो, तरी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात उरलेल्या गंधकाचे पायऱ्यापायऱ्यांचे पिवळेधमक डोंगर उभे आहेत.

आता त्या घट्ट होणाऱ्या द्रवाकडे परत येऊ.

गंधकाचे अणू एकेकटे राहत नाहीत. आठ मुलांनी हात धरून फेर धरावा, तसे आठ अणू मिळून एक कडे करतात. पिवळ्या भुकटीच्या प्रत्येक कणात अशी असंख्य कडी एकावर एक रचलेली असतात. वितळल्यावर ती एकमेकांवरून घसरतात, म्हणून द्रव पातळ असतो. १५९ अंशांपाशी उष्णतेच्या धक्क्याने एखाद्या कड्यातले दोन हात सुटतात. कडे उघडते, त्याची आठ अणूंची साखळी होते आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक रिकामा हात राहतो. तो रिकामा हात शेजारच्या कड्याला हिसका देऊन उघडतो आणि त्याला आपल्यात ओढून घेतो. सोळा झाले, चोवीस झाले, बघता बघता लाखो अणूंची साखळी झाली. अशा लांबलचक साखळ्या एकमेकींत गुरफटल्या की द्रव दाटणारच. बादलीचे प्लास्टिक, टायरचे रबर आणि कापसाचा धागा यांची घडण मुळात अशीच असते. लहान रेणू एकापुढे एक जोडून झालेला लांब रेणू. त्याला आपण पॉलिमर म्हणतो.

मग या गंधकी प्लास्टिकच्या बादल्या का निघाल्या नाहीत? उत्तर शाळेच्या प्रयोगशाळेत मिळते. खूप तापवलेला गंधक थंड पाण्यात ओतला की तपकिरी, ताणता येईल असा चिवट गोळा मिळतो. थोड्या दिवसांनी पाहावे तर तो पुन्हा पिवळा आणि ठिसूळ झालेला असतो. साखळ्यांची टोके मोकळी असतात, मधले हातही कच्चे असतात, आणि थंड गंधकाला आठाच्या कड्यातच स्वस्थता असते. साखळी हळूहळू आठ-आठ अणूंची कडी पाडत संपून जाते. गंधकाला साखळी व्हायला शिकवावे लागत नाही. त्याला साखळीतच राहायला लावणे, ही खरी अडचण होती.

ही अडचण २०१३ साली अमेरिकेतल्या अॅरिझोना विद्यापीठात जेफ्री प्युन यांच्या गटाने सोडवली. त्यांनी १८५ अंशांवर वितळलेल्या, म्हणजे साखळ्या झालेल्या गंधकात डायआयसोप्रोपेनिल बेंझिन नावाचा एक द्रव ओतला. पुढे त्याला डीआयबी म्हणू. मिश्रण काही मिनिटांत गडद लाल, काचेसारखे घट्ट झाले, आणि थंड झाल्यावर पिवळे पडले नाही. त्यात गंधकाचे प्रमाण वजनाने निम्म्यापासून नव्वद टक्क्यांपर्यंत नेता येत होते. पुणे-बंगळूर महामार्गावर कराडच्या आसपास टायरच्या दुकानांवर 'व्हल्कनायझिंग' अशी पाटी असते. ती मूळ रीत चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधली. तिच्यात शंभर भाग रबरात दोन-तीन भाग गंधक घालतात, आणि तो गंधक रबराच्या साखळ्यांना आडवे टाके घालतो. प्युन यांनी नेमके उलटे केले. इथे साखळ्या गंधकाच्या आणि टाके घालणारा रेणू कार्बनचा. म्हणून या रीतीचे नाव पडले उलटे व्हल्कनीकरण.

टाके घालणाऱ्या त्या रेणूला शास्त्रज्ञ क्रॉसलिंकर म्हणतात; मी इथे जोडरेणू म्हणतो. २०१३ नंतर जगभरच्या प्रयोगशाळांनी डीआयबीच्या जागी शेकडो वेगवेगळे जोडरेणू घालून पाहिले आणि जे दिसले ते चकित करणारे होते. गंधक तोच, प्रमाण तेच, भांडे तेच. फक्त जोडरेणू बदलला की हातात कधी काच येते, कधी रबर, कधी चिकट डिंक, कधी काहीच नाही. निम्म्याहून अधिक वजन गंधकाचे, पण पदार्थाचा स्वभाव ठरवतो तो उरलेल्या वजनातला पाहुणा.

हे कसे होते ते समजायला आधी हात मोजावे लागतात. दोन कार्बन अणू एकमेकांना दोन बंधांनी धरून असतील तर त्याला दुहेरी बंध म्हणतात. गंधकाच्या साखळीचे रिकामे टोक आले की दुहेरी बंधातला एक बंध उघडतो आणि दोन्ही कार्बनांचा एकेक हात मोकळा होतो. म्हणजे एका दुहेरी बंधामागे दोन हात. रेणूत असा एकच दुहेरी बंध असेल तर त्याच्या दोन बाजूंना दोन गंधक-साखळ्या लागतात, माळ लांबते, पण जाळे विणले जात नाही. स्टायरिनचे असेच होते. दोन दुहेरी बंध असले की चार हात झाले, आणि चार हातांचा रेणू ही जाळ्यातली गाठ असते. डीआयबीकडे असे चार हात आहेत.

ही मोजणी आपल्या घाण्याच्या तेलांवर करून पाहिली तर फार मजा येते. खोबरेल जवळजवळ सगळे संपृक्त असते. त्याच्या बहुतेक रेणूंकडे एकही दुहेरी बंध नसतो. गंधकात खोबरेल ओतले तर दोघे एकमेकांना ओळखही देणार नाहीत. शेंगतेलाच्या रेणूत सरासरी तीन-साडेतीन दुहेरी बंध, सोयाबीन तेलात साडेचारच्या आसपास, आणि जवसाच्या तेलात सहाहून अधिक. जवसाचे तेल हवेत उघडे ठेवले की त्याची साय धरते, रंगारी ते रंगात वापरतात, ते याच मोकळ्या होऊ शकणाऱ्या हातांमुळे. साताऱ्याच्या शेतात सोयाबीन आणि सांगलीच्या बांधावर जवस पाहताना हा हिशेब माझ्या मनात येतोच. आपण तेलबियांना चव, भाव आणि तेलाचा उतारा लावून मोजतो. गंधक त्यांना हातांनी मोजतो.

पण नुसते हात मोजून भागत नाही. ते हात कशा अंगाला जोडलेले आहेत, तेही पाहावे लागते. डीआयबीच्या मधोमध बेंझिनचे ताठ, सपाट कडे आहे. डायसायक्लोपेंटाडाइन, म्हणजे डीसीपीडी, हा नॅफ्था फोडताना निघणारा स्वस्त जोडपदार्थ. त्याच्या अंगात एकात एक अडकलेली ताठ कडी आहेत, जणू वळताच येत नाही. याउलट तेलाचा रेणू म्हणजे अठरा-अठरा कार्बनांच्या तीन लवचिक शेपट्या. त्यांचे दुहेरी बंध शेपटीच्या मध्ये असतात, त्यामुळे गंधकाने ते धरले तरी शेपटीचा पुढचा भाग मोकळाच लोंबत राहतो. गाठ ताठ असेल तर जाळे ताठ. गाठ लवचिक आणि वर लोंबत्या शेपट्या असतील तर जाळे मऊ.

हा फरक एका आकड्यात पकडता येतो. प्रत्येक पॉलिमरचे एक तापमान असते, ज्याच्या खाली तो काचेसारखा कडक असतो आणि ज्याच्या वर त्याच्या साखळ्यांना हालचाल सुचते व तो मऊ पडतो. त्याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. निम्मा गंधक आणि निम्मा डीआयबी घेतला तर ते २८ अंशांच्या आसपास येते. डीसीपीडी घेतला तर शंभर अंशांच्या वर जाते. सूर्यफूल किंवा मोहरीच्या जातीच्या तेलाचा गंधकी पदार्थ शून्याच्याही खालपर्यंत मऊ राहतो, म्हणून रोजच्या हवेत तो रबर असतो.

आता हे २८ अंश सातारा-सांगलीच्या नकाशावर ठेवून पाहा. डीआयबीच्या गंधकी काचेचा एकच तुकडा डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरला नेला तर तो कडक, टणत्कार करणारा, पडला तर फुटणारा. तोच तुकडा एप्रिलमध्ये जतला किंवा आटपाडीला नेला, जिथे पारा चाळीशी गाठतो, तर तो नखाने दबेल इतका नरम पडेल. इंग्लंडच्या प्रयोगशाळेत जो पदार्थ वर्षभर काच असतो, त्याचे आपल्याकडे जिल्हा ओलांडताना काचेचे चामडे होते. माणदेशात टिकायची काही वस्तू करायची तर जोडरेणू डीसीपीडीसारखा ताठ हवा, हे असे नुसत्या हवामानावरूनच ठरते. पदार्थाची निवड करताना ऋतूही विचारात घ्यावा लागतो, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते आणि वाचणाऱ्याच्या लक्षातही राहत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे हात किती तयारीचे आहेत. संत्रा-मोसंबीच्या सालीत लिमोनीन असते. त्याचा वास आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. रस काढणाऱ्या कारखान्यांतून तो उरतो, स्वस्त पडतो, आणि त्याच्याकडे दोन दुहेरी बंध, म्हणजे हिशेबाने चार हात आहेत. जाळे व्हायलाच हवे. पण प्रत्यक्षात मिळतो तो मेणचट, हळूहळू पसरणारा गडद लाल पदार्थ, ज्याला आपला आकार धरून ठेवता येत नाही. कारण लिमोनीनला तापलेल्या गंधकासमोर दुसरी एक वाट मोकळी असते. तो आपले हायड्रोजन गंधकाला देऊन टाकतो आणि स्वतः एका स्थिर, बेंझिनच्या जातीच्या रेणूत बदलून मोकळा होतो. त्याचा हात जोडणीसाठी उरतच नाही, आणि सोडलेला हायड्रोजन गंधकाबरोबर मिळून हायड्रोजन सल्फाइड होतो. सडक्या अंड्याचा तोच वास, आणि जास्त प्रमाणात जीव घेणारा वायू. कागदावर चार हात आणि भांड्यात दोनही नाहीत, असा हा धडा आहे.

हळदीच्या तेलाकडेही मी याच नजरेने पाहिले. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या तेलात टर्मेरोन नावाचे रेणू असतात, आणि वाटते की गंधकाला हा सांगलीचाच जोडीदार शोभेल. पण आर-टर्मेरोनच्या रेणूत बेंझिनच्या कड्याबाहेर दुहेरी कार्बन-बंध एकच आहे. तो माळ लांबवेल, जाळे विणणार नाही.

डीसीपीडीची तयारी वेगळीच. त्याच्या दोन दुहेरी बंधांपैकी एक ताणलेल्या कड्यात अडकलेला असतो, आणि ताण सुटावा म्हणून तो गंधकाला चटकन भिडतो. दुसरा सावकाश भिडतो. त्यामुळे अर्धवट शिजलेला, अजून ओतता येणारा द्रव हाती लागतो. तो साच्यात ओतायचा आणि मग भट्टीत पक्का करायचा. वस्तू घडवणाऱ्याच्या दृष्टीने हे वरदानच आहे. तेले याच्या उलट आळशी. तेल आणि गंधक सुरुवातीला एकमेकांत मिसळतही नाहीत, दोन थर राहतात, आणि जोरात ढवळत राहावे लागते.

या आळसावर उपाय सापडला तो रबराच्याच कपाटात. लिव्हरपूल विद्यापीठात टॉम हासेल यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवले की झिंक डायइथाइल डायथायोकार्बामेट थोडेसे घातले तर क्रिया १३५ अंशांवरही होते, विषारी वायू कमी निघतो, आणि जे जोडरेणू आधी गंधकाला दादच देत नव्हते तेही जोडले जातात. हे लांबलचक नावाचे संयुग रबर उद्योग पिढ्यान्‌पिढ्या वेगवर्धक म्हणून वापरत आला आहे. टायर रिमोल्ड करणाऱ्याच्या मालात जे मुरलेले असते, ते उलट्या व्हल्कनीकरणालाही उपयोगी पडावे, हे मला फार आवडते.

एक इशारा इथेच दिला पाहिजे. हे प्रयोग घरी किंवा शेडमध्ये करायचे नाहीत. काही जोडरेणू गंधकाशी भिडताना इतकी उष्णता सोडतात की मिश्रण आपोआप तापत जाऊन भांड्याबाहेर उसळते, आणि निघणारा वायू नाकाला कळेनासा होऊन मग मारतो.

आता प्रमाण. समजा डीआयबी आणि गंधक वजनाने निम्मे-निम्मे घेतले. रेणुभाराचा हिशेब केला तर दोन गाठींच्या मध्ये सरासरी दोन-तीनच गंधक अणू येतात. आखूड, बंदोबस्तात असलेल्या साखळ्या. तेच गंधक नव्वद टक्के केला तर दोन गाठींमध्ये बावीसच्या आसपास अणू येतात. इतक्या लांब, सैल साखळीला मधल्या मध्ये आठाचे कडे पाडून द्यायला भरपूर वाव असतो, आणि काही दिवसांनी पदार्थाच्या अंगावर पिवळी भुकटी फुटू लागते. गंधक आपल्या मूळ स्वभावावर गेला. म्हणून जास्तीत जास्त गंधक कोंबणे हे चांगल्या पदार्थाचे लक्षण नाही. जोडरेणू किती ठिकाणी आणि किती घट्ट धरतो, त्यावर किती गंधक पचेल ते ठरते.

मग हवा तो जोडरेणू निवडून करायचे काय? इथे गोष्ट खरी रंगते, कारण प्रत्येक कामाला गंधकाचा वेगळा जोडीदार लागतो.

भिंगाचे घ्या. शरीराची ऊब टिपणारे कॅमेरे अवरक्त किरणांवर चालतात, आणि साधी काच व साधे प्लास्टिक या किरणांना अडवतात. म्हणून जर्मेनियमची महागडी भिंगे लागतात. गंधक-गंधक बंध मात्र हे किरण सहज जाऊ देतो. अडवणारा असतो जोडरेणू, कारण त्यातले कार्बन-हायड्रोजन बंध ठरावीक लांबीचे अवरक्त किरण गिळतात. प्युन यांच्या गटाने २०१४ मध्ये डीआयबीची भिंगे केली. पुढे माणसाच्या शरीराची ऊब ज्या लांब लहरींत असते तिथे डीआयबी आड येऊ लागला, तेव्हा कोणता रेणू कुठे किरण गिळतो याचा आधी संगणकावर हिशेब करून नॉर्बोर्नाडाइनपासून केलेला नवा जोडरेणू घेतला. रेणू बनवायच्या आधीच त्याच्या आरपार पाहून घेतले, असेच म्हणायचे.

पाऱ्याचे काम अगदी वेगळे. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात पारा आणि गंधक खलात घोटून काळी कज्जली करतात, हे आपल्याकडे शतकानुशतके माहीत आहे. पारा गंधकाला धरतो तो सोडत नाही. ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठातले जस्टिन चॉकर यांनी २०१६ मध्ये हाच ओढा पाणी शुद्ध करायला लावला. त्यांचा पहिला पदार्थ गंधक आणि लिमोनीनचा होता. पाऱ्याचा संबंध आला की तो लालचा पिवळा पडायचा. पुढच्या वर्षी त्यांनी खाद्यतेल घेतले, मिश्रणात मिठाचे खडे घालून पदार्थ घट्ट केला आणि मग मीठ पाण्याने धुऊन काढले. राहिला तो छिद्रांनी भरलेला रबरी स्पंज. इथे कडक काच कामाची नव्हती. मऊ, पाण्यावर तरंगणारा, तळणीच्या वापरलेल्या तेलातूनही करता येणारा पदार्थ हवा होता. तेलाचा आळशी, लोंबकळता रेणू इथे योग्य ठरला. याच रबरात खत मिसळून ते जमिनीत सावकाश सोडण्याचे प्रयोगही या गटाने २०१९ मध्ये केले. पहिल्याच पाण्याला खत वाहून जाते, हे कृष्णाकाठच्या ऊस उत्पादकाला कोणी वेगळे सांगायला नको.

आणि बॅटरी. लिथियम-गंधक बॅटरीत एक ग्रॅम गंधक कागदोपत्री १६७५ मिलिअँपिअर-तास वीज साठवू शकतो, जो आकडा आजच्या मोबाइल बॅटरीतल्या ऋणाग्र-धनाग्र पदार्थांना गाठणे कठीण आहे. पण चार्ज-डिस्चार्ज होताना गंधक द्रावणात विरघळून निसटतो. पुन्हा तोच प्रश्न, त्याला धरून कोण ठेवणार. या कामात एक जोडीदार आपल्या सह्याद्रीपलीकडच्या काजूचा निघाला. काजूच्या टरफलात जे झोंबरे काळे तेल असते, त्यातून कार्डानॉल मिळते. त्याला पंधरा कार्बनांची शेपटी असते आणि तिच्यात दुहेरी बंध. उत्तर प्रदेशातल्या शिव नाडर विद्यापीठातल्या बिमलेश लोचब यांच्या गटाने कार्डानॉलपासून केलेले बेंझॉक्साझिन हे गंधकाचे जोडरेणू म्हणून वापरले, आणि २०१६ च्या सुमारास आयआयटी मुंबईतल्या सागर मित्रा यांच्या गटाबरोबर ते बॅटरीत तपासले. बेंझॉक्साझिनचे कडे तापल्यावर उघडते आणि तेही गंधकाला धरते, म्हणजे शेपटीचे हात वेगळे आणि डोक्याचे वेगळे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात काजू फोडल्यावर टरफलांचे ढीग पडतात; त्यात गंधकाला बांधून ठेवणारा रेणू असावा, ही माहिती मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी ती दोनदा वाचली.

एकाच जोडरेणूवर थांबायचेही कारण नाही. लिव्हरपूलच्या गटाने दोन जोडरेणू एकत्र घालून पाहिले. एकटा डीसीपीडी फार ठिसूळ, एकटे जवसाचे तेल फार मऊ. दोघांचे प्रमाण बदलत गेले की कडकपणा आणि लवचीकपणा हवा तिथे आणून थांबवता येतो. चॉकर यांच्या गटाने २०२० मध्ये वेगळेच काही दाखवले. त्यांनी गंधकी पदार्थाची भुकटी केली आणि ती १०० अंशांवर दाबली. भुकटीचे कण काही मिनिटांत एकमेकांना जुळून सलग पाटी तयार झाली. गंधक-गंधक हात सुटतो आणि शेजारच्या कणातला हात धरतो. ज्या कच्चेपणामुळे शाळेतला तपकिरी गोळा पिवळा पडायचा, तोच इथे तुटलेली वस्तू पुन्हा घडवायला मदत करतो. फरक एवढाच की आता मध्ये गाठी आहेत, म्हणून हात सुटला तरी साखळी पळून जात नाही. नेहमीचे रबर एकदा व्हल्कनाइज झाले की पुन्हा वितळत नाही. जुन्या टायरांचे ढीग त्यामुळेच साठतात.

त्या भुकटीत इतरही वस्तू कालवता येतात. वनस्पतींचे तंतू, वाळू, टाकाऊ प्लास्टिकचा चुरा, यांच्या पाट्या त्यांनी दाबून दाखवल्या आहेत. आमच्याकडे कारखान्याच्या मागे बगॅसचे डोंगर असतात, शेजारी गंधकाची पोती असतात, आणि गावागावात सोयाबीनची मळणी होते. तिन्ही गोष्टी एका आवारात आहेत. सांगलीच्या किंवा कराडच्या एखाद्या महाविद्यालयाच्या पॉलिमर प्रयोगशाळेने, चांगल्या धुराड्याखाली आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, सोयाबीन तेलात किती डीसीपीडी मिसळले म्हणजे बगॅसची पाटी जतच्या मे महिन्यातही वाकणार नाही आणि महाबळेश्वरच्या थंडीतही तडकणार नाही, एवढे एकच कोष्टक करावे, असे मला मनापासून वाटते. डीसीपीडीचे प्रमाण दहा टक्क्यांपासून चढवत न्यायचे, प्रत्येक पाटीचे काच-संक्रमण तापमान मोजायचे, आणि वर्षभर खिडकीत ठेवून तिच्या अंगावर पिवळी भुकटी फुटते का ते पाहायचे.